गंज नेताना दिलेली हाक

आमच्या गावच्या मालकाने गावाला फसवलं आणि गावाने मला फसवलं. दोन्ही कामं भात शिजवायच्या एकाच पितळी गंजावरून झाली. मी आयुष्यभर भांड्यांचा धंदा केला. कोणाला काय बोलायचं ते तोंडावर बोलतो, घोळवत बसत नाही, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. पण लिहायला बसलो ते नुसत्या रागापोटी नाही. ज्या बाईच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, तो गंज राहायचा, तिच्याबद्दल कोणीतरी लिहायला हवं होतं. कोणी लिहिलं नाही. तिच्यासारखं माणूस मला पुन्हा भेटलं नाही, आणि तिच्यावरही माझा थोडा राग आहेच.

आमचं गाव आंधळगावच्या बाजाराला पायी जाता येईल इतक्या अंतरावर. धानाच्या बांध्या, एक जुना तलाव, मारुतीचा पार, आणि पारासमोर काकीचं घर. काकी माझी कोणी लागत नव्हती. सगळं गावच तिला काकी म्हणायचं. नवरा लवकर गेलेला, एक मुलगी मोहाडीकडे दिलेली. घराच्या पुढच्या सपरीत गावाची भांडी असायची: पराती, झारे, पाणी भरायच्या कोठ्या आणि मधोमध तो गंज. लग्नाचा भात एका वेळी शिजेल एवढा मोठा. दोन्ही बाजूंच्या कड्यांतून बांबू घालून चार माणसांनी उचलायचा. एक कडी पितळेची, दुसरी लोखंडाची, कारण मूळची कोणाच्या तरी बारशात तुटली होती.

हा गंज कोणा एकाने दिलेला नव्हता. माझ्या आजीच्या काळात गावाने घरोघरचं फुटकं पितळ गोळा केलं होतं. कोणी परात दिली, कोणी हंडा. गावच्या जमिनीचा धनी जो मालगुजार, त्याच्या घरून दोन मोठी घंगाळं आली. माझ्या आजीने बुड गेलेला एक गडवा दिला, तेवढंच घरात होतं. ती सगळी मोड बैलबंडीत घालून भंडाऱ्याला नेली आणि तिच्या बदल्यात गंज घडवून आणला. आजी सांगायची, गडवा देताना लाज वाटली होती, पण गंज आला तेव्हा चार माणसांत आजोबांनीही बांबूला खांदा लावला.

गंज न्यायची एक रीत होती. काकीला विचारायचं नाही. ती घरी असो वा नसो, तिच्या अंगणात उभं राहून तीन हाका द्यायच्या आणि काम सांगायचं: "गंज नेऊन राहिलो, बारशाले." मग आजूबाजूच्या घरांतून कोणीतरी "ने गा" म्हणायचं. ते ऐकू आल्याशिवाय गंजाला हात लावायचा नाही. परत आणताना चिंचेने घासून आणायचा आणि रिकामा आणायचा नाही. मूठभर तांदूळ आत टाकून आणायचे. ते तांदूळ काकी एका मडक्यात साठवायची. वर्षाकाठी कल्हईवाला आला की त्याच तांदळात गावाच्या भांड्यांची कल्हई व्हायची.

लहानपणी मी तिला विचारलं होतं, "काकी, तू घरी नसली तं हाक कायले द्यायची?"

ती म्हणाली, "मी नसन घरी. गाव तं असते ना."

भांडं परत आलं की ती बोटाच्या पेराने त्यावर एक टिचकी मारायची, कान लावायची आणि म्हणायची, "ठीक हाये." एकदा एका परातीला टिचकी मारून म्हणाली, "हे पडली. कोठं पाडली?" आणणारा शपथा घ्यायला लागला. तिने परात उन्हात धरली आणि केसाएवढी चीर दाखवली. त्या चिरेबद्दल ती त्याला रागावली नाही. फक्त म्हणाली, "पडली मनून सांगायचं. भांडं पडतेच." पितळ कसं ऐकायचं ते मी त्या सपरीत शिकलो. पुढे त्याच कानावर माझं घर उभं राहिलं.

माझा धंदा सायकलवर सुरू झाला. वडिलांकडे शेत नव्हतं, दुसऱ्याच्या बांधीत खपायचे. मी कॅरिअरला पेटी बांधली आणि आंधळगाव, मोहाडी असे बाजार धरले. सत्तर सालानंतरच्या त्या वर्षांत स्टील आलं होतं. बायका आजेसासूच्या काळातली पितळी भांडी आणून द्यायच्या आणि चकचकीत ताटं घेऊन जायच्या. तेव्हा मी वजनकाट्यावरची नजर हलू द्यायचो नाही आणि माझा आवाज अर्ध्या बाजाराला ऐकू जायचा. एका बाईने मला तोंडावर म्हटलं होतं, "भाव सांगते का भांडते गा तू?" मी म्हटलं, "दोन्ही." चांगलं चाललं. घरावर कौलं चढली. गावात लोक मला टोमण्याने 'शेट' म्हणू लागले. टोमण्याने का होईना, म्हणत तरी होते.

आता मालकाचं. मालगुजारी जाऊन पंचवीसेक वर्षं झाली होती. तलाव सरकारजमा झाला होता, जमीनही बरीच गेली होती. तरी मालगुजाराच्या नातवाला सगळं गाव 'मालक' म्हणायचं. रस्त्यात दिसला की आपोआप तोंडातून निघायचं, "रामराम मालक." त्याचं नाव किती जणांना ठाऊक होतं कोण जाणे. एकटी काकी त्याला 'बाबू' म्हणायची. तो लहान असताना तिने त्याला कडेवर घेतलं होतं.

ऐंशी साल यायला एक-दोन वर्षं असतील. रोवणीचे दिवस होते. धानाची रोवणी म्हटली की गावात माणूस राहत नाही, सगळे चिखलात. मी सायकलच्या चाकाला ठिगळ लावायला घरी बसलो होतो. दुपारची वेळ. काकीच्या अंगणातून हाक आली.

"गंज नेऊन राहिलो, लग्नाले!"

आवाज मालकाचा. पुन्हा तीच हाक. पुन्हा तीच. माझ्या हाताला सोल्युशन लागलेलं, रबर धरून ठेवलेलं. मान वर न करता मी ओरडलो, "न्या, मालक!" त्याच्या गड्यांनी गंज बंडीत चढवल्याचा आवाज आला.

सांगून टाकतो: बोललो तो मीच. बाजारात समोरच्याचा एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी पकडणारा मी, मला एवढं कळलं नाही की रोवणीत कोणाच्या घरी लग्न असतं? आषाढात चिखलात उभं राहून कोण भात खाणार आहे? 'मालक' शब्द कानावर पडला की डोकं वापरायची सवयच आम्हाला नव्हती.

संध्याकाळी काकी बांधीतून आली. सपरीत गंज नाही. तिने पारासमोर उभं राहून विचारलं, "कोणं नेला?"

"मालकानं. हाक देऊन नेला," मी सांगितलं.

"ने कोणं म्हटलं?"

"म्या."

"ठीक हाये," म्हणून ती पाय धुवायला गेली. हाक दिली, ने म्हटलं, विषय संपला. रीत पाळली गेली की संशय घ्यायचा नाही, हीसुद्धा तिची रीतच होती.

पोळा झाला. गंज आला नाही. काकी एकदा म्हणाली, "तू ने म्हटलं होतं ना? इचारून पाह्य." मी मालकाला विचारलं. तो म्हणाला, "येते ना गा, कोठं पळून जाते काय?" दसऱ्यालाही तेच. दिवाळीनंतर धान कापून झालं आणि गावात एका म्हाताऱ्याची तेरवी, तेराव्याचं जेवण, आली. त्याच्या मुलाने काकीच्या अंगणात येऊन हाक दिली, "गंज नेऊन राहिलो, तेरवीले." तीनदा दिली. कोणी 'ने' म्हणेना, कारण सपरीत नेण्यासारखं काही नव्हतं. तेरवीचा भात चार घरच्या चार पातेल्यांत शिजला. कोणाचा कच्चा, कोणाचा करपलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर बैठक बसली. मालकाला बोलावलं. तो आला, खांबाला टेकून बसला आणि स्वतःच म्हणाला, "गंज म्या मोडीत दिला. भंडाऱ्याले."

ज्याचा बाप गेला होता तो एकटा कसंबसं म्हणाला, "काहून जी, मालक?"

मालकाने कारणं सांगितली. मी ती सगळी लक्षात ठेवली आहेत. इतकी चांगली कारणं चोरीसाठी मी दुसरीकडे कुठे ऐकली नाहीत.

"म्या चोरून नेला काय? भर दुपारी हाक देऊन नेला. तीन हाका. लग्नाले मनलं. खोटं बोललो काय? पोरीचं लगन हाये उन्हाळ्यात. तिच्या आंदणासाठी स्टील घेतलं त्याच्या बदल्यात. झालं ना लग्नाच्या कामाले?"

एक-दोघांनी माना डोलावल्या. मला तिथेच उठून ओरडावंसं वाटलं.

"अन् दुसरं," तो म्हणाला, "त्या गंजात सगळ्यांत जास्त पितळ माह्या आजाचं. दोन घंगाळं. माहा हिस्सा म्या घेतला."

आता मात्र मी उठलोच. धंद्याची गोष्ट होती. म्हटलं, "तुमच्या आजाचं पितळ त्या गंजात हायेच कोठं? मोड त्याच दिवशी भट्टीत गेली. गंज दुसऱ्याच पितळेचा. बदल्यात आला तो!"

"बस गा शेट," कोणीतरी म्हणालं. "तुले काय समजते?" पितळेतलं पारावर फक्त मलाच समजत होतं, पण बसलो.

मालकाने शेवटचं कारण काढलं. ते सगळ्यांत जड होतं. आवाज न चढवता, एकेकाकडे बघत तो म्हणाला, "तलावातले मासे कोणं नाई नेले? सरकारी हाये ना तलाव? तुह्या घराचा मयाल कोठून आला गा? आंबागडच्या जंगलातून ना? पास होता काय? सगळ्यायचं हाये ते आपलं हाये, असंच मनता ना तुमी? मंग गंज बी सगळ्यायचा. माहा बी."

प्रत्येकाला आपल्या घरचा मयाल, म्हणजे छपराची तुळई, आठवला असेल, मासे आठवले असतील. माझ्या घरचे दोन खांबही तसेच आले होते. त्या क्षणी मालक सुटला, असं मला वाटलं. सगळ्यांची चोरी काढून त्याने स्वतःची चोरी झाकली होती, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

काकी खाली, पाराच्या पायरीवर बसली होती. तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून म्हणाली, "बाबू, एक सांग. तुहा हिस्सा गंजाच्या कोणत्या बाजूचा? बुडाचा का काठाचा?"

मालक हसला. "काकी, असं थोडंच असते?"

"नाई, सांग. बुडाचा असन तं आजपर्यंत आमचं वरण सांडलं काहून नाई? काठाचा असन तं काठ कापून न्यायचा होता. कडी तं नेऊच नोको, एक लोखंडाची हाये."

लोक हसले. मालकही हसत होता, पण कान लाल झाले होते.

मग ती म्हणाली, "मासे म्या बी नेले बाबू. तलावातले. दोन-चार डाव नेले. पण मासे नेले, तलाव नाई नेला. मासे पुन्ना होतात. तू तलाव नेला."

चाळीस वर्षं झाली, त्या वाक्याला मला तोड सापडलेली नाही. बाजारात मी हजारो माणसांशी भांडलो असेन, वकिलांशीही भांडलो. पण समोरच्याचं सगळं कबूल करून, स्वतःची चूकही त्यात घालून, एका वाक्यात त्याला जागेवर बसवणं मला कधी जमलं नाही. मला राग यायचा. तिला येत नव्हता, आणि म्हणून ती जिंकायची.

मालक खांबापासून सरकून ताठ बसला. मग त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "मले कायले इचारता? यानं मनलं ना न्या? भांडे यालेच समजतात. यानं काहून नाई अडवलं?"

सगळे माझ्याकडे वळले. मी पुन्हा उठलो आणि जे तोंडात आलं ते बोललो. ते इथे लिहिण्यासारखं नाही. काकीने हात वर केला.

"तू मनलं का ने?"

"मनलं. पण काकी..."

"मंग आण."

"म्या काहून? विकला यानं! याले सांग ना. यानं आंदणाचं स्टील परत द्यावं."

"पोरीच्या आंदणातलं परत नाई मांगत," ती म्हणाली. "पोरीनं काय केलं? गावानं तिच्या आंदणात हात घालायचा काय? हाक तुह्या भरोशावर पुरी झाली. ज्यानं ने मनलं त्यानं आणून दाखवायचं."

अशी रीत खरोखर होती का? मला तरी माहीत नव्हती. पण पारावर कोणी नाही म्हटलं नाही. मालकाकडून मागायला सगळे घाबरत होते आणि माझ्याकडून मागायला कोणालाच भीती वाटत नव्हती. काकीचं कारण वेगळं होतं, ती त्या पोरीसाठी बोलत होती. गावाने मात्र तिच्या बोलण्याचा आडोसा घेतला. इथून माझा राग सुरू होतो.

दुसऱ्याच सकाळी सायकलवर भंडाऱ्याला गेलो. मोड घेणाऱ्या ज्या दुकानदाराचं नाव मालकाने सांगितलं होतं, त्याच्याकडे. तो मला ओळखत होता, बाजारात आमची जुनी खेचाखेची होती. गंज मागच्या पडवीत उपडा पडला होता, वर भाताच्या पेंढ्या. लोखंडी कडी दिसली. आत कुठेतरी ठोकाठोक चालली होती. आज-उद्या याच्यावर छिन्नी चालणार, हे मला कळलं.

जी वस्तू हवी तिच्याकडे बघायचं नाही, हा माझा पहिला नियम. मी तासभर परातींवर भांडलो. एक परात नाकारली, दुसरी वाकडी म्हणालो. शेवटी जाता जाता गंजाला पायाने ढोसून म्हणालो, "हा डबडा कायले जागा अडवून ठेवला? पातळ दिसते."

दुकानदार हसला. "पातला? उठा के देखो."

"चिरला असन."

मी टिचकी मारली. आणि खरं सांगतो, तो आवाज ऐकून माझा नियम बिघडायला आला. काकीच्या सपरीतला तो आवाज होता. अंगणात उन्हात मूग वाळत घातलेले, ती कान लावून उभी, असं सगळं समोर आलं. चेहरा सांभाळून मी म्हणालो, "चोरीचा माल तं नाई ना?"

"चोरी का क्यों लेंगे भाई?" तो म्हणाला. "मालिक ने खुद ला के दिया है."

त्याला फक्त एवढंच म्हणायचं होतं की ज्याची वस्तू त्याने आणून दिली. पण तो शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. "कोण मालक?" मी ओरडलो. "कायचा मालक? माह्या आजीचा गडवा गेला त्याच्यात! तो मालक हाये काय?"

आतली ठोकाठोक थांबली. दुकानदाराने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. त्याला कळलं की हा डबडा मला हवा आहे. किती हवा आहे तेही कळलं. तासभर जमवलेला सौदा मी एका ओरडण्यात घालवला. पोळ्यापासून बाजारोबाजारी जमवलेली माझी सगळी मोड त्याने त्या गंजाच्या बदल्यात मागितली. गंजाच्या वजनाच्या दीडपट होती ती. मी भांडलो, उठलो, रस्त्यापर्यंत गेलो, परत आलो. सव्वापटीवर आणलं, त्याच्या खाली तो उतरला नाही.

दोन दिवसांनी बंडी करून गंज गावात आणला. पारावर माणसं उभी. मला वाटलं होतं, निदान आज तरी कोणी दोन शब्द बोलेल. चार माणसांनी बांबू घालून गंज काकीच्या अंगणात ठेवला. तिने टिचकी मारली, कान लावला, म्हणाली, "आपलाच हाये." मग आत डोकावून पाहिलं.

"तांदूळ?"

"कायचे तांदूळ?"

"रिकामा गंज आणते काय कोणी? मूठभर तांदूळ?"

अंगणात हसू फुटलं. माझी बहुतेक सगळी मोड गेली होती, तीन दिवस झोप नव्हती, आणि ही बाई माझ्याकडे मूठभर तांदूळ मागत होती. मी पाय आपटत घरी गेलो. बायको दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ओंजळभर तांदूळ तिने आधीच काढून ठेवले होते. "द्या अन् मोकळे व्हा," म्हणाली. मी ते गंजात फेकल्यासारखे टाकले. काही बाहेर सांडले. काकीने खाली बसून एकेक दाणा वेचला, आत टाकला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आला. यानं मनलं होतं ने, यानंच आणून देल्ला. हाक पुरी झाली."

त्या दिवशी मला फक्त अपमान कळला. तिने माझ्यासाठी काय केलं ते समजायला वर्षं गेली. मला वाचवायचा दुसरा रस्ताच तिच्याकडे नव्हता. आभार मानले असते तर मी गावावर उपकार केल्यासारखं झालं असतं, आणि उपकार करणाऱ्याबद्दल गाव दुसऱ्या दिवसापासून काहीही बोलतं. तिने मला इतर कोणाहीसारखं वागवलं: गंज नेलेला माणूस, परत आणलेला माणूस, तांदूळ दिलेला माणूस. चोख.

पण गावाने तिचं अर्धंच ऐकलं. आठ दिवसांत कुजबुज सुरू झाली, "ज्याच्याजवळ होता त्यानंच तं आणला." महिन्याभरात ती गोष्ट पूर्ण झाली: शेटने मालकाकडून गंज घेतला, पंचांनी दम दिला तेव्हा परत आणला. मालकाने ती गोष्ट नाकारली नाही. कशाला नाकारेल? आंधळगावच्या बाजारात एका गिऱ्हाइकाने मोडीचा हंडा पुढे करून विचारलं, "हा तं गावाचा नाई ना, शेट?" मी त्याचा हंडा रस्त्यावर फेकला. वर्षभर त्या गावचं कोणी माझ्याकडे आलं नाही.

उन्हाळ्यात मालकाच्या पोरीचं लग्न लागलं. काकीच्या अंगणात पुन्हा तोच आवाज आला. "गंज नेऊन राहिलो, लग्नाले!" आजूबाजूच्या घरांतून सगळे एकदम म्हणाले, "न्या मालक, न्या!" मी ओसरीवर तोंड बंद करून बसलो होतो. काकी बाहेर आली.

"ने बाबू," ती म्हणाली. "अन् आणते कधी, ते बी हाकेत सांग."

मालकाने आजूबाजूला पाहिलं. सगळे ऐकत होते. मग त्याने नव्याने हाक दिली, "गंज नेऊन राहिलो, लग्नाले. परवा आणतो."

"आता ठीक हाये," काकी म्हणाली.

त्या दिवसापासून आमच्या गावात हाकेला ते शेपूट कायमचं लागलं. कोणीही गंज नेताना परत आणायचा दिवस सांगायचा. नवीन सुना आल्या त्यांना वाटायचं ही रीत पूर्वापार आहे. कोणाचं नाव न घेता, कोणाला शिक्षा न करता त्या बाईने एक पळवाट बुजवली. मालक परवाच्या दिवशी गंज घेऊन आला. आत मूठभर नाही, पायलीभर तांदूळ होते. काकीने मूठभर ठेवले आणि बाकीचे परत दिले. "रीत मुठीची हाये बाबू," म्हणाली.

ती ऐंशीच्या दशकाच्या मधल्या कुठल्यातरी वर्षी गेली. तिच्या तेरवीला गंज न्यायची हाक मी दिली. "गंज नेऊन राहिलो, काकीच्या तेरवीले. उद्या आणतो." गंज तिच्याच सपरीत, तेरवी तिच्याच अंगणात. न्यायचा कुठे होता? पण तीन हाका दिल्या. 'ने' कोण म्हणालं ते गर्दीत कळलं नाही. बऱ्याच जणांनी म्हटलं.

मालकही गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. त्याच्याशी माझं भांडण मी त्याच्या चितेवर नेऊन ठेवलं असतं. पण मागच्या महिन्यात मोहाडीला तहसीलच्या दारात त्याचा मोठा मुलगा भेटला. चांगला माणूस, वाकून नमस्कार केला. मग सोबतच्या माणसाला माझी ओळख करून देताना हसत म्हणाला, "हे आमचे जुने शेट. यांनीच तो गावचा गंज विकला होता बरं का!" त्याला खरंच तसं वाटत होतं. त्याच्या घरात त्याने तेवढंच ऐकलं होतं.

म्हणून आता मागतो. मला माझी मोड नको, आंदणातलं एक ताट नको. काकीने ते मागू दिलं नव्हतं, मीही मागणार नाही. पण मालकाच्या घरच्यांनी, आणि त्या सकाळी बैठकीत सगळं ऐकूनही ज्यांनी पुढे तोंड उघडलं नाही त्यांनीही, पारासमोर उभं राहून हाक द्यावी: गंज मालकाने विकला, शेटने नाही. रीत तीन हाकांची आहे, तीनच द्या. दुपारची वेळ चालेल, रोवणीचे दिवस चालतील, गावात कोणी नसलं तरी चालेल. मी ओसरीवर बसलेला असेन. या वेळी मान वर करून ऐकेन. कधी देता ते सांगा.